भ्रमिष्टास कोठडी नव्हे, दवाखाना

पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील इंदापुरास अनोळखी भ्रमिष्ट मनुष्य दिसणें नवें नाहीं. तो दुकानापुढें बसला कीं फौजदारास बोलावून ‘यास आंत टाका’ म्हणावयाचें, अशी आपली रीत. ही मागणी बेकायदा आहे, हें आम्ही स्पष्ट सांगतों.

१९१२ च्या कायद्यानें अशा मनुष्यास पकडून मॅजिस्ट्रेटापुढें नेण्याचा अधिकार पोलिसांस दिला होता. १९८७ च्या कायद्यांतही वाट कचेरीचीच होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें ती दवाखान्याकडे वळविली. कलम १०० प्रमाणें, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ होऊन भटकणाऱ्या रुग्णास ठाणे-अंमलदारानें संरक्षणांत घ्यावें, त्याचें कारण त्यास सांगावें, व फार तर चोवीस तासांत जवळच्या सरकारी रुग्णालयांत तपासणीस न्यावें. कोठडींत वा तुरुंगांत त्यास कदापि ठेवूं नये. तो बेघर असल्यास हरवल्याची फिर्याद नोंदवून आप्तांचा शोध करावा.

येरवड्याचें मनोरुग्णालय सव्वाशे किलोमीटरांहून दूर, ही सबब ऐकूं येईल. पण कायदा ‘जवळच्या’ रुग्णालयांत न्या म्हणतो. उपजिल्हा रुग्णालय तर इंदापुरांतच आहे!

घरांत रुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्यास कलम १०१ प्रमाणें पोलिसांनीं मॅजिस्ट्रेटास कळवावें. पोलिसांस खबर कोणीही देऊं शकतो. व्यापारी बंधूंनो, ती खबर द्या, व रुग्ण दवाखान्यांत पोहोंचला कीं नाहीं, हेंही विचारा. आजार हा गुन्हा नव्हे.