घरगुती विचार : पाहुणा आपल्याच घरीं

पाहुणा यावयाचा म्हटलें म्हणजे तयारी यजमानानें करावी, ही आपली जुनी रीत. परंतु दूर अंतरावरून मुद्रित होणाऱ्या पॉडकास्टांत ही रीत पार उलटी झालेली आढळते. यजमान सातासमुद्रांपलीकडे आपल्या खोलींत असतो. पाहुणा आपल्याच घरीं, आपल्याच खुर्चीवर बसतो. आणि सारी तयारी करावी लागते ती पाहुण्याच्या घरच्या मंडळींस! हें आम्हांस वेळेवर उमगलें नाहीं. त्यापायीं काय गमावलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

आमची पुतणी न्यू जर्सीस असते. तिकडील मराठी मुलांकरितां ती एक पॉडकास्ट चालविते. आमच्या ८४ वर्षांच्या आत्याबाईंनीं आपल्या आईच्या मांडीवर डोकें ठेवून जात्यावरच्या ज्या ओव्या ऐकल्या, त्या त्यांच्याच तोंडून मुद्रित व्हाव्यात, अशी तिची फार इच्छा. "काका, आत्याआजीला नुसतें बसवा, बाकी सारें मी पाहीन," असें ती म्हणाली, आणि आम्हीं त्या 'बाकी'वर भिस्त ठेवली.

सकाळीं साडेसातची वेळ ठरली. हिवाळ्यांत तिकडे तेव्हां आदल्या रात्रीचे नऊ वाजतात. (मार्चमध्यें तिकडील घड्याळें एक तास पुढें करतात, तेव्हां हें गणित पुन्हां मांडावें.) परंतु सकाळीं साडेसात म्हणजे एकत्र कुटुंबांत केवढी गजबज! स्वयंपाकघरांत कुकरच्या शिट्या, देवघरांत घंटा, दिवाणखान्यांत डोक्यावर पंखा. आत्याबाईंस कानांत कांहीं घालणें रुचेना, म्हणून पुतणीचा आवाज लॅपटॉपमधून मोठ्यानें सोडला. परिणाम असा कीं, प्रत्येक ओवीवर तिचें 'हं, हं' चढून बसलें. तरी आत्याबाई त्या दिवशीं रंगल्या होत्या. शेवटीं तर आम्हीं कोणींच पूर्वीं न ऐकलेल्या दोन ओव्या त्यांनीं म्हटल्या. आम्हीं आनंदानें लॅपटॉप मिटला व चहास उठलों. घात झाला तो तेथेंच.

झेनकास्टर, रिव्हरसाइड इत्यादि साधनांत आवाज पाहुण्याच्या यंत्रावरच मुद्रित होतो आणि तुकड्यातुकड्यांनीं पलीकडे पोंचतो. म्हणूनच बोलतांना संभाषण मध्यें तुटलें तरी मुद्रण शाबूत राहतें. परंतु सर्व तुकडे पोंचल्याची खूण दिसेपर्यंत यंत्रास हात लावावयाचा नसतो. आमच्या घाईनें शेवटचा भाग गेला, तो मागाहून मिळाला नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालों. दिवाणखाना सोडून गाद्यांची लहान खोली निवडली. उघड्या भिंती व फरशी आवाज परत फेंकतात. गाद्या, गोधड्या आणि दार उघडें टाकलेलें लुगड्यांचें कपाट तो पिऊन टाकतात. शेंकडों रुपयांचा फोम आणण्यापेक्षां आजीच्या गोधड्या काय वाईट? मायक्रोफोन सुमारें वीतभर अंतरावर, पण ओठांसमोर न धरतां किंचित् बाजूस ठेवला; नाहींतर प, फ, ब, भ या अक्षरांचा वारा थेट त्यावर आदळतो. कानांत तारेचेंच साधन घातलें, कारण ब्लूटूथचाच मायक्रोफोन वापरला तर आवाज पुष्कळदां पातळ होतो. धाकट्या सुनेनें कुकर आठपर्यंत न लावण्याचें कबूल केलें, व सर्वांचे फोन मुके केले.

आरंभीं पुतणीनें विचारलें, "आत्याआजी, सकाळीं काय खाल्लंस?" आत्याबाई चिडल्या, "हें का जगाला ऐकवायचं?" प्रश्न केवळ आवाजाची पातळी पाहण्यासाठीं असतो, हें त्यांस समजावतांना आम्हांस गौहरजान आठवल्या. १९०२ सालीं कलकत्त्यास गाणें मुद्रित करतांना त्या शेवटीं स्वतःचें नांव पुकारीत. तबकड्या जर्मनींत होत, तेथील कारागिरांस गाणारी कोण तें कळावें म्हणून. दूरच्या माणसाची सोय पाहणें तेव्हांही पाहुण्याकडेच होतें. मग अर्धा मिनिट सर्वांनीं स्तब्ध बसावयाचें. त्या खोलीची शांतता मागाहून सांधे जोडण्यास उपयोगी पडते.

उत्तरें लिहून वाचूं नयेत, वाचलेला आवाज लगेच ओळखूं येतो. कागदावर चार शब्द पुरेत. आत्याबाईंनीं तोही कागद दूर सारला. त्यांची अडचण निराळीच होती. हात फिरल्याखेरीज ओवी येत नाहीं, असें त्या म्हणाल्या. शेवटीं मांडीवरच्या गोधडीवर त्या हात गोल फिरवूं लागल्या. त्याचा आवाज होत नव्हता, आणि ओव्या येऊं लागल्या.

मुद्रण उत्तम झालें. खूण दिसेपर्यंत आम्ही अकरा मिनिटें हात बांधून बसलों. पण त्या पहिल्या दिवशींच्या दोन ओव्या आल्या नाहींत. "आल्या होत्या खऱ्या," एवढेंच आत्याबाई म्हणाल्या, आणि हात थोडा वेळ तसाच फिरवीत राहिल्या. पुतणी आतां दर रविवारीं साडेसातास त्यांच्याशीं बोलते. गाद्यांची खोली आम्हीं अद्याप आवरलेली नाहीं.