गृहव्यवस्था : फरशीखालची जमीन

फरशीचा रंग निवडावयास घरातील सर्व मंडळी हौसेने दुकानात जातात. ती ज्या भरावावर बसावयाची, त्याची चौकशी क्वचितच कोणी करतो. पेण तालुक्यातील डोलवीसारख्या खाडीकाठच्या गावी ही उपेक्षा फार महाग पडते. धरमतरच्या खाडीलगतची खारी चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यातील क्षार ओलाव्याबरोबर वर चढतात. सारवलेल्या जमिनीतून हा ओलावा आपोआप उडून जाई व पडलेली भेग पुढच्या सारवणात बुजे. फरशीस ही सवलत नाही. सांध्यांतून लोणा फुटतो, फरशी पायाखाली पोकळ वाजू लागते, आणि वर्षानुवर्षे साठविलेला पैसा दोन पावसाळ्यांत उखडून निघतो.

यास्तव जोत्यातील चिकणमाती काढून तेथे मुरूम भरावा. तोही एकदम न ओतता १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने चोपून. गवंड्याची घाई येथेच होते, म्हणून त्या दिवशी यजमानांनी किंवा गृहिणीने स्वतः समोर उभे राहावे. त्यावर दगडांचे सोलिंग करून फटी बुजवाव्या, ओल अडविण्यासाठी जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि वर १० सेंटिमीटर काँक्रीट घालावे. खाडीची वाळू स्वस्त पडली तरी घेऊ नये. तिच्यातील मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते. सिमेंट मात्र स्लॅगचे घ्यावे. लोखंडाच्या भट्टीतून निघणारी ही मळी डोलवीच्या पोलाद कारखान्यातच तयार होते. ती दळून केलेले सिमेंट खाऱ्या ओलीस अधिक टिकते. ते सावकाश घट्ट होते, सबब काँक्रीट निदान दहा दिवस ओले ठेवावे.

मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून ज्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या घरोघरी पोचविल्या, तशा लाद्या पाणी शोषतात. त्या भिजवून सिमेंटवर बसविल्या की घट्ट धरतात. हल्लीची व्हिट्रिफाइड फरशी शेकडा अर्ध्याहून अधिक पाणी शोषीत नाही. तिला सिमेंटची राळ नीट धरीत नाही. तिच्यासाठी मिळणारा खास चिकट मसालाच वापरावा. चकाकीचा आमचा तितकासा आग्रह नाही. वृद्धांच्या वावराच्या जागी खरखरीत फरशीच बरी.

मोरीकडे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवावा. फरशी पक्की बसल्यावर, सांधे भरण्यापूर्वी प्रत्येक लादी लाकडी दांड्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजेल ती तेव्हाच काढावयास लावावी.