स्त्रियांच्या औषधांना पुरावा नको काय?

पाळी अनियमित असो, अंगावरून पांढरे जात असो, मूल होत नसो किंवा पाळी जाण्याच्या वयात अंगाची आग होत असो. या साऱ्यांवर एकच बाटली रामबाण असल्याची ग्वाही आठवडी बाजारातील फलकापासून हातातील मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र मिळते. अशी ग्वाही देणे हा या देशात गुन्हा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध संसदेने १९५४ साली जो कायदा केला, त्याने मासिक पाळीतील बिघाड दूर करण्याच्या जाहिरातीस स्पष्ट मनाई केली. गर्भाशयाचे विकार, वंध्यत्व आणि एकंदर स्त्रीरोग यांचाही समावेश त्याच्या परिशिष्टात केला. पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली. शिवाय ही मनाई केवळ माल विकणाऱ्याला नाही. जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. म्हणजे वृत्तपत्रांनाही आहे. आमच्या व्यवसायाने हे कलम कितपत पाळले, याचा जबाब प्रथम आम्हीच दिला पाहिजे.

परंतु जाहिरात हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. बाटलीतील औषध गुणकारी आहे काय, हे कोण पाहतो? १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय व युनानी औषधे त्याच्या कक्षेत आली. तथापि मान्य ग्रंथातील पाठानुसार बनविलेले औषध ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठीच विकावयाचे असेल, तर त्याच्या परिणामकारकतेचा नवा अभ्यास सादर करण्याची अट परवान्यासाठी नाही. ग्रंथ हाच पुरावा! ग्रंथांविषयी आमच्या मनात आदर आहे. पण ग्रंथात जे लिहिले तेच बाटलीत उतरले, एवढी तरी खात्री गिऱ्हाइकाला मिळू नये काय?

अशोकारिष्टाचेच उदाहरण घ्या. अतिरक्तस्रावावर ते पिढ्यान्पिढ्या दिले जाते. त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे सीताअशोकाची साल. शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारात जो उंच, सरळसोट 'अशोक' आपण पाहतो, तो हा नव्हे. त्याचे कूळच वेगळे. खरा अशोक पश्चिम घाटात दुर्मिळ होत चालला आहे आणि त्याच्या नावाखाली त्या शोभेच्या झाडाची साल बाजारात खपविली जाते, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवून दिले आहे. मग गुण न आल्यास दोष कोणाचा? ग्रंथकाराचा, वैद्याचा, की सालीच्या व्यापाऱ्याचा? औषधाची परीक्षा व्हावयाची, तर आधी द्रव्याची ओळख पटावयास हवी.

होमिओपॅथीची अडचण निराळी. तिच्या '३० सी' या मात्रेत मूळ द्रव्य शंभरपटीने तीस वेळा पातळ केलेले असते, म्हणजे एकावर साठ शून्ये इतके! बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ साली असा निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही व्याधीबाबत नाही. गोळी निरुपद्रवी असेल. पण तिच्या भरवशावर गेलेले महिने निरुपद्रवी नसतात.

यावर कोणी म्हणेल, की हा आपल्या विद्येचा अपमान आहे. मुळीच नाही! मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेची रीतसर परीक्षा केली आणि १९४९ साली ते निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा साऱ्या जगाने ती मुळी मान्य केली. परीक्षेने वनस्पतीची प्रतिष्ठा वाढली, घटली नाही. पुरुषांच्या रक्तदाबाला लागू पडलेली ही कसोटी स्त्रियांच्या गर्भाशयालाही लागू का पडू नये?

परीक्षेवाचून काय होते, तेही पाहा. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात आयुर्वेदीय म्हणून घेतलेल्या औषधांमुळे सहा गर्भवतींच्या रक्तात शिसे भिनल्याचे तेथील आरोग्यखात्याला आढळले. त्यापूर्वीच, १ जानेवारी २००६ पासून, जड धातूंची तपासणी आपल्या सरकारने सक्तीची केली होती. पण ती निर्यातीच्या वनौषधींसाठी! परक्याच्या बायकोसाठी एक तराजू आणि घरच्या लेकीसाठी दुसरा, हा कोणता न्याय?

धोका शिशाचाच आहे असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभरांपैकी सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईच्या अंगावर महिनोन्महिने जात असताना ती केवळ बाटलीवर विसंबली, तर उरलेसुरले रक्तही जाते. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे ही तर गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. वेळीच तपासणी झाली तर तो बहुधा बरा होतो. 'उष्णता झाली असेल' म्हणून वर्ष दवडले तर होत नाही.

सरकारची चाल मात्र धरसोडीची! जाहिरातीपूर्वी परवानगी घेण्याचा नियम २०१८ साली आला आणि २०२४ च्या जुलैत वगळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली. पुढे २०२५ साली प्रकरण निकाली निघून ती स्थगितीही सरली. नियम गेला तरी १९५४ चा कायदा गेलेला नाही. परवाने राज्य सरकारे देतात. तेव्हा नमुने उचलून तपासावेत, निकाल लोकांपुढे ठेवावेत आणि प्रत्येक दाव्याला पुरावा मागावा, एवढी आमची मागणी आहे.

आणि माताभगिनींना एक विनंती. या धंद्याचे खरे भांडवल मुळी-साल नव्हे, आपली लाज हे आहे. जे दुखणे घरात बोलता येत नाही, त्याचेच औषध बाजारात चढ्या भावाने खपते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसण्याचे दिवस आता संपले पाहिजेत. डॉक्टरांकडे जा, जी बाटली घेत असाल ती दाखवा, गरोदरपणात तर अवश्य दाखवा, आणि देणाऱ्याला निर्भयपणे विचारा, "याला पुरावा काय?"