परसातला आंबा वाळतोय : बंदी आलेले औषध विसरा

परसातल्या आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसू लागला, की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो : "भोकात नुवानचा बोळा घाल आणि चिखलानं लिंप." जुन्या पुस्तिकांतही हेच छापलेले आहे. पण शेतकरी बंधूंनो, नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. केंद्र सरकारने २०१८ साली १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यात हेही होते. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर पूर्ण बंद आहे. घरात जुनी बाटली उरली असेल तरी ती वापरू नका. परसात विहीर असते, पोरं खेळतात, कोंबड्या फिरतात.

मग झाड वाचवायचे कसे? आधी दुखणे ओळखा, नाहीतर आजार रेड्याला आणि औषध पखालीला असे होते. फांदी शेंड्याकडून खाली वाळत येते, साल काळपट पडते, डिंक गळतो, पण भुसा नाही, तर ती बुरशीमुळे होणारी शेंडेमर. भोकातून भुसा पडत असेल तर आत भिरूड आहे. कित्येकदा दोन्ही एकाच झाडावर सापडतात.

भिरुडाचे भुंगेरे पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर पडतात. मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अळी खोडात शिरून महिनोन् महिने लाकूड पोखरते. म्हणून वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, पैसे मात्र जातात. भोक साफ करा, सायकलच्या तारेचा आकडा करून अळी ओढून काढा. हाती लागली नाही तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने बंद करा. जवळ विडी-काडी नको. आठ-दहा दिवसांनी बघा : ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे, पुन्हा तेच करा.

शेंडेमर झालेली फांदी वाळलेल्या भागाच्या खाली ३ ते ४ इंच, जिवंत लाकडात, करवतीने कापा. कोयत्याने झोडू नका. कापलेल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. विळ्याचे पाते बुडवून बघा. तांबूस झाले तर चुना कमी पडला.

एवढे करूनही एक गोष्ट राहते. पोखरलेली फांदी तोडून कुंपणाला टाकली, तर आतल्या अळ्यांचे भुंगेरे होऊन शेजारच्या झाडावर जातात. भिरुडाला सात-बारा कळत नाही. एकट्याने केलेले काम म्हणूनच वाया जाते. ते वाळके लाकूड पावसाआधी चुलीत गेले पाहिजे.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्यावा. वाळलेली झाडे कोणाच्या परसात आहेत याची यादी करावी. आंबा १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात येतो, तेव्हा अख्खे झाड तोडायचे असेल तर परवानगीचा अर्ज वेळेत द्यायला मदत करावी. मेमध्ये हे झाले, तर जूनमध्ये बाहेर पडणारे भुंगेरे तेवढे कमी.