ताडपत्र्या पुरे, आता पूरविम्याचे बोला

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याला कर्ज हवे असेल तर बँक विम्याचा कागद मागते. त्या आगविम्यात वादळ आणि पूरही धरलेले असतात. म्हणजे कुंडलिका चढली तर यंत्रांचे काय होईल याची सोय कुंपणाच्या आत झालेली असते. कुंपणाबाहेर रोठ, वरसे आणि खाली रोहा-अष्टमी. नदी तीच, पाणी तेच. इथल्या घरांकडे मात्र तलाठ्याचा पंचनामा आणि मुंबईहून येणारा ताडपत्र्या-चटयांचा ट्रक एवढेच.

आपल्या जमाती त्या ट्रकचा फार अभिमान बाळगतात. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण बुडाले तेव्हा आपल्या पोरांनी चिखल उपसला, जेवण पोचवले, जात-धर्म न विचारता. त्याचे मोल कमी करायचे नाही. पण पूर काही पाहुणा नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाडा बुडवला. २००५ मध्ये महाड तालुक्यात दरडींनी गावे गाडली, २०२१ मध्ये सावित्रीने शहर बुडवले आणि तळियेवर डोंगर आला. सगळे एकाच रायगड जिल्ह्यात. दरवेळी आपण नव्याने हळहळतो आणि नव्याने वर्गणी काढतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकड्यांकडे हात जातोच. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखतो. निळी म्हणजे २५ वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. लोक ऐकतात ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ आणि निर्धास्त होतात. खरा हिशेब असा: दरवर्षी धोका ४ टक्के. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निळ्या रेषेवरच्या घरात निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता ५६ टक्के, तीस वर्षांत ७१ टक्के. लाल रेषेवरच्या घरालाही तीस वर्षांत २६ टक्के. हे गणित जुन्या पावसावरचे आहे, आणि पाऊस आता जुना राहिलेला नाही.

आता सरकारकडे पाहू. कोकणचे पीक भात. २०१८ मध्ये पंतप्रधान पीकविमा योजनेतून भाताच्या जलप्लावनाचे स्थानिक आपत्ती म्हणून असलेले संरक्षण काढले गेले. भात पाण्यातले पीक, बुडाले तर कळणार कसे, शिवाय शेतकरी खोटे दावे करतील, असा एकंदर युक्तिवाद. घोटाभर पाण्यात लावणी करणे आणि चार दिवस खाचर पाण्याखाली कुजणे यातला फरक रोह्याचे शाळकरी पोरही सांगेल. योजना लिहिणाऱ्यांना तो सात वर्षे कळला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून हे संरक्षण परत येईल. दावा ७२ तासांत ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह. ज्या ७२ तासांत वीज नसते, टॉवर बंद असतो आणि शेतकरी भाच्याच्या माडीवर अडकलेला असतो, तेच हे ७२ तास. असे ॲप माझ्या टीमने बनवले असते तर पहिल्याच चाचणीत परत पाठवले असते.

राज्याचे तर विचारूच नका. एक रुपयात विमा २०२३ ला वाजतगाजत आला आणि २०२५ ला गेला. जाताना स्थानिक आपत्तीची भरपाईही घेऊन गेला. उरले फक्त पीक कापणी प्रयोग. मंडळाची सरासरी ठीक निघाली तर तुमचे बुडालेले खाचर कोणाच्याच हिशेबात नाही. २०२६ चे संरक्षण रायगडच्या शेतकऱ्याला मिळणार की नाही, हे मुंबईच्या मंत्रालयाने लेखी सांगावे.

आणि आता घरचा मुद्दा, जो बोलला की काही बुजुर्गांना राग येतो. विम्यात सूद आहे, गरर आहे, म्हणून नको. ठीक. मग दारातल्या मोटारसायकलचा विमा कसा चालतो? उमऱ्याच्या व्हिसात धरलेला विमा कसा चालतो? कतार-कुवेतला कंपनीने काढून दिलेला वैद्यकीय विमा कसा चालतो? १९८५ मध्ये जेद्दाच्या फिकह अकॅडमीने व्यापारी विमा नाकारला हे खरे, पण त्याच ठरावात सहकारी विम्याला पर्याय म्हणून मान्यता आहे. ती बाजू खुतब्यात येत नाही. भारतातल्या फिकह अकॅडमीने दंगलींचा धोका पाहून जीव-मालमत्तेच्या विम्याला मुभा दिली. दंगलीत जळालेले दुकान चालते आणि पुरात बुडालेले चालत नाही, हे कुठले फिकह? सुदान, मलेशियात तकाफुल चार दशकांपासून आहे. आपल्याकडे तकाफुल कंपनी नाही, तोवर हलालची वाट पाहत गरिबाने भिजत बसायचे काय?

सरकारी मदतीवर विसंबणाऱ्यांसाठी २०२१ चे आकडे पुरेत: कुटुंबाला १०,००० रुपये, दुकानदाराला जास्तीत जास्त ५०,०००. एका किराणा दुकानातला तांदूळच त्याहून जास्त किमतीचा असतो.

एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी आहे. पूर आणि दरड दोन्ही त्यात आहेत. भाड्याच्या खोलीतला माणूस फक्त सामानाचाही विमा काढू शकतो. छोट्या दुकानांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. हे मी किती जणांना सांगितले आणि किती जणांनी प्रथमच ऐकले, त्याची मोजदाद सोडली आहे.

नागालँडसारख्या लहान राज्याने २०२४ मध्ये विमा कंपनीशी करार केला: पाऊस ठरलेली पातळी ओलांडला की नुकसानीच्या पंचनाम्याशिवाय रक्कम. आपल्या जिल्ह्यात पर्जन्यमापक आहेत, कुंडलिकेची पातळी पावसाळ्यात रोज मोजली जाते. रायगडला हे का नको, हा प्रश्न पालकमंत्र्यांना विचारायला कोणता फतवा लागत नाही.

जमातींकडे एवढेच मागणे. इमदाद फंडातली निम्मी रक्कम पूर येण्याआधी खर्च करा: नदीकाठच्या घरांचे हप्ते भरा, आपल्या मोहल्ल्यातली असोत की शेजारच्या आगरआळीतली. एका जुम्याला, नमाजनंतर, मस्जिदच्या अंगणात टेबल टाकून फॉर्म भरून घ्या. घराची कागदपत्रे, दुकानाची बिले फोनवर काढून ठेवायला शिकलेली पोरे आपल्याकडे ढिगाने आहेत. आणि ग्रामसभेत मागणी करा की निळी-लाल रेषा गट नंबरसकट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. पावसाला जूनमध्ये सुरुवात होते, त्यामुळे मे महिन्यातल्या एखाद्या जुम्याची तारीख आजच ठरवावी.