आधी रोलर पाहा

दिवाळी अंक आणि कॅलेंडरांचा हंगाम तोंडावर आला की छापखान्यांत नव्या खरेदीचे वारे वाहू लागतात. कोणी सेकंडहँड चार रंगी मशीन बघून आलेला असतो, कोणाचे बँकेत खेटे चालू असतात. कोणी कन्सोलवर स्पेक्ट्रो बसवायचा म्हणतो, तर कोणी प्रीप्रेसच्या फाइलवरून शाईच्या चाव्या आपोआप लावणारे सॉफ्टवेअर. या खरेदीला आमचा विरोध नाही. पण फाउंटनपासून प्लेटपर्यंत शाई वाहून नेणाऱ्या रोलरांचे नाव या बोलण्यात क्वचित निघते, आणि ते निघावे म्हणून हे संपादकीय. शाईची व्यवस्था ठाकठीक नसेल, तर मशीनवर केलेला दुसरा कुठलाही खर्च पुरता वसूल होत नाही, हे आमचे मत आहे. बहुतेक छापखान्यांत ही सुधारणा नवे यंत्र न आणता होण्यासारखी आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगतो.

छपाईचा वेग प्रत्येक वेळी शाईपाशी येऊन अडला आहे. गुटेनबर्गनंतर साडेतीनशे वर्षे खिळ्यांवर शाई चढायची ती कातडी गोळ्यांनी. लोकर किंवा घोड्याचे केस ठासून भरलेले, लाकडी मुठीचे दोन गोळे. एक गडी ते एकमेकांवर घोळवून शाई पसरवायचा आणि फर्म्यावर थोपटायचा, दुसरा दाब द्यायचा. दोघांनी मिळून तासाला दोनशे-अडीचशे कागद निघाले की काम चांगले झाले म्हणायचे. लोखंडी प्रेस आले, दाब वाढला, पण शाईचे गोळे तेच राहिल्याने तासाचा आकडा फारसा हलला नाही.

29 नोव्हेंबर 1814 रोजी लंडनच्या ‘टाइम्स’चा अंक फ्रीड्रिख कोनिग आणि आंद्रेआस बाउअर यांच्या वाफेवरच्या सिलिंडर मशीनवर छापून निघाला. तासाला अकराशे कागद. इतिहासाच्या पुस्तकांत वाफेचे कौतुक असते. मशीनवर काम करणाऱ्याने मात्र त्यातल्या शाईकडे पाहावे. तासाला अकराशे वेळा हाताने थोपटणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून शाई यंत्रातच पसरवावी लागली आणि त्यासाठी रोलरांची रांग आली. सुरुवातीचे रोलर कातड्याने मढवलेले होते. कातडे मढवायचे तर शिवण आली, आणि शिवण आली की तिचा माग फर्म्यावर उमटणार. शिवाय कातडे वापरून वापरून कडक होते, मग शाई उचलतही नाही आणि सोडतही नाही.

यावरचा उपाय दुसऱ्याच एका फसलेल्या यंत्रातून मिळाला. रिचर्ड बेकन आणि ब्रायन डाँकिन यांनी 1813 मध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. त्यात खिळे चौकोनी लाटेच्या चार बाजूंवर बसवलेले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यासाठी ते उभारले, पण रचना इतकी गुंतागुंतीची होती की ते धड चाललेच नाही. त्याचे रोलर मात्र सरस आणि काकवी एकत्र वितळवून साच्यात ओतलेले होते. शिवण नाही, पृष्ठभाग मऊ, किंचित चिकट आणि लवचिक. यंत्र मोडीत निघाले आणि रोलर जगभर गेले. पुढे हातप्रेसवाल्यांनीही कातडी गोळे टाकून हेच रोलर हाती घेतले.

एडवर्ड कूपरने 1818 च्या पेटंटमध्ये आणखी एक गोष्ट केली. शाई पसरवायला त्याने सपाट पाटा घेतला आणि त्यावरच्या रोलरांना लांबीच्या दिशेचीही हालचाल दिली. पाटा मागेपुढे सरकला की रोलर फिरता फिरता बाजूलाही सरकायचे. त्यामुळे शाई जिथे पडली तिथेच गोल गोल न फिरता आडवी पसरू लागली. आज आपल्या ऑफसेट मशीनमध्ये व्हायब्रेटर जो डावी-उजवीकडे सरकतो, त्याचे काम हेच. दोनशे वर्षांत यंत्राचा बाकी सगळा नकाशा बदलला, पण शाई आडवी फिरली पाहिजे हा कूपरचा धडा तसाच राहिला.

आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा छपाईच्या इतर खटाटोपाबरोबर शाईचे प्रयोगही त्यांना स्वतःच करावे लागले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला न शिवणाऱ्यांसाठी त्यांनी तूप घालून शाई केली, असे सांगतात. त्या काळच्या मुद्रकाला शाई हा पहिल्या दिवसापासून स्वतःचा प्रश्न वाटत होता. नंतरच्या ट्रेडलच्या पिढीनेही ती जाणीव टिकवली. सरस, गूळ आणि ग्लिसरीन घालून छापखान्यातच रोलर ओतणारे कारागीर आजच्या ज्येष्ठ वाचकांनी पाहिले असतील. पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून ते रोलर पिलपिलीत व्हायचे, उन्हाळ्यात आवळायचे. म्हणून ऋतूप्रमाणे प्रमाण बदलायचे, सकाळी पहिला फर्मा लावण्याआधी बोटाने दाबून रोलर पाहायचा. ट्रेडलची गोल तबकडी प्रत्येक दाबाला थोडी फिरते की तिचे कुत्रे अडकले आहे, हे मशीनमनच्या नजरेतून सुटत नसे.

रबराचे रोलर आले, ऑफसेट आले आणि ही सवय सुटली. रबर टिकाऊ असते, पण कायमचे नसते. ऑफसेटच्या एका युनिटमध्ये पंधरा-वीस, मोठ्या मशीनवर त्याहूनही अधिक रोलर असतात. दोन रोलरांच्या प्रत्येक सांध्यात शाईचा थर फाटतो, थोडा एकीकडे जातो, थोडा दुसरीकडे राहतो. फाउंटनवरची जाड शाई असे थर फाटत फाटत कागदावर पोहोचते तेव्हा साधारण एक मायक्रॉन उरते. इतक्या पातळ थरात चूक लपवायला जागा नसते. म्हणूनच एक कडक, एक मऊ अशी रोलरांची रांग असते आणि फॉर्म रोलर निरनिराळ्या व्यासांचे असतात. सगळ्यांचा व्यास सारखा असता, तर प्लेटवरच्या मजकुराने ओरबाडून नेलेल्या शाईचा खड्डा प्रत्येक फेरीला त्याच जागी पडला असता आणि सॉलिडमध्ये भूत उमटले असते.

ही भुते आम्ही नेहमी पाहतो. पुण्याजवळच्या एका छापखान्यात एका पुस्तकाचे मुखपृष्ठ चालू होते. गडद निळी पार्श्वभूमी, वर पांढऱ्या चौकटीत शीर्षक. चौकटीच्या खाली निळ्यात किंचित गडद आयत दिसत होता. शाईवाल्याला फोन झाला, शाई बदलली. कागद बदलून पाहिला. चाव्या उघडल्या तसे निळे गडद झाले, पण आयत तसाच, वर कागदामागे शाई लागू लागली म्हणून पावडर वाढवली. शेवटी एका वयस्कर मशीनमनने मशीन थांबवून रोलरांचे पट्टे काढले. दुसरा फॉर्म रोलर गिअर साइडला प्लेटला जेमतेम टेकत होता, पहिल्या रोलरने पाडलेले खड्डे तो भरूच शकत नव्हता. पाऊण तासात सेटिंग झाले आणि मूळच्या शाईवर, मूळच्या कागदावर निळे सपाट आले. तोपर्यंत गेलेल्या वेस्टेजचा कागद भिंतीशी रचून ठेवला होता.

पट्टे काढणे हे काही गुपित नाही, तरी पुन्हा सांगतो. रोलरांवर शाई चढवायची, पसरू द्यायची. प्लेट कोरडी आणि गम केलेली असावी. मशीन थांबवून फॉर्म रोलर प्लेटवर टेकवायचे आणि उचलायचे. प्लेटवर प्रत्येक रोलरचा एक पट्टा उमटतो. पुष्कळ शीटफेड मशीनवर तो चार-पाच मिलिमीटर रुंद हवा. नेमका आकडा आपल्या मशीनच्या पुस्तकात पाहावा, दुसऱ्याच्या मशीनचा घेऊ नये. मात्र रुंदीपेक्षा आकार जास्त बोलतो. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, तर रोलर तिरका बसला आहे. दोन्ही टोके फुगलेली आणि मध्ये बारीक, तर रबर टोकांना फुगले आहे, आणि असा रोलर स्क्रू आवळून सरळ होत नाही. मधेच पट्टा तुटला, तर रबराला खोक पडली आहे किंवा खड्डा आहे. फॉर्म रोलर व्हायब्रेटरवर कसा टेकतो हेही तपासावे लागते, आणि ते प्लेटवर टेकवण्याच्या आधी. उलट क्रमाने केले तर एक सेटिंग करताना दुसरे बिघडते.

त्यानंतर कडकपणा. नवा शाईचा रोलर शोअर ए मापकावर साधारण 25 ते 35 दाखवतो. वॉश, उष्णता आणि शाईतले तेल यांनी तो वर चढत जातो. 45-50 ला गेलेला रोलर शाई पसरवत नाही, नुसता ढकलतो. शोअर मापकाची किंमत एका जॉबच्या वाया गेलेल्या आर्ट पेपरपेक्षा जास्त नसते, तरीही तो फार थोड्या छापखान्यांत दिसतो. रोलर कडक वाटला की मशीनमन दाब वाढवतो. दाब वाढला की घर्षण वाढते, रोलर तापतो, तापला की आणखी कडक होतो. या फेऱ्यात टोकांचे रबर उखडते आणि बेअरिंगही जातात.

सगळाच कडकपणा रबराचा नसतो, पुष्कळदा तो वर बसलेल्या ग्लेझचा असतो. हल्लीच्या कागदात खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर असतो. फाउंटन सोल्युशनमधल्या आम्लाशी त्याचे मीठ बनते, ते रबराच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसते आणि रोजच्या वॉशने निघत नाही. रोलर काचेसारखा चकाकू लागतो आणि शाई सोडून पाणी धरतो. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांचा त्रास याहून मोठा, कारण पाण्यातूनही कॅल्शियम येत राहते. आठवड्यातून एकदा कॅल्शियम काढणारे द्रावण, महिन्यातून एकदा डीग्लेझर, एवढे केले तरी रोलरांचे आयुष्य वाढते. ज्यांनी आरओ बसवला त्यांनी सोल्युशनही आरओच्या पाण्यासाठीचे आहे ना, हे पुरवठादाराला विचारावे. अगदी कोरे पाणी जड पाण्याइतकेच अडचणीचे ठरते. साधारण 8 ते 12 जर्मन अंशांचा कठीणपणा ऑफसेटला मानवतो.

आता कन्सोलवाल्या मशीनबद्दल. काही मोठ्या शीटफेडवर फाउंटनला बत्तीस चाव्या असतात, प्रत्येकीची पट्टी साडेबत्तीस मिलिमीटरची. पडद्यावर प्रत्येक चावीचा आकडा दिसतो म्हणून सगळे हातात आहे असे वाटते. पण सेकंडहँड मशीनवर चाव्यांचा शून्य खरा शून्य असतोच असे नाही. फाउंटनच्या कोपऱ्यांत वाळलेली शाई आणि झिजलेली कड यामुळे पडद्यावर शून्य असताना चावी शाई सोडते, किंवा दहावर असताना सोडत नाही. अशा मशीनला प्रीप्रेसच्या फाइलवरून चाव्या लावणारे सॉफ्टवेअर जोडले, तर चुकीच्या शून्यावर अचूक आकडे बसतात आणि ऑपरेटर पहिल्या शंभर कागदांत सगळे हाताने बदलतो. मग सॉफ्टवेअर बेकार ठरते आणि त्याचा डबा धूळ खात पडतो. आम्ही असे डबे पाहिले आहेत. आधी फाउंटन उतरवून साफ करावे, चाव्या शून्यावर आणाव्यात, रोलर बसवावेत, आणि मग सॉफ्टवेअर घ्यावे. ते खरोखर उपयोगी आहे, म्हणूनच क्रम पाळावा.

मालकांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. रोलरांची देखभाल होत नाही याचे खापर मशीनमनवर फोडले जाते. पण ‘मशीन तासभर थांबव आणि रोलर काढ’ असे सांगणारे मालक किती? डिलिव्हरीच्या घाईत मशीन थांबलेले दिसले की मालकाचा चेहरा बदलतो, हे मशीनमनला पुरते माहीत असते. आठवड्यातला एक तास लेखी आखून दिल्याशिवाय तो मिळत नाही. रोलर मढवून देणाऱ्यांकडूनही आपण फार थोडे मागतो. रोलर परत आला की गाडीतून उतरवून थेट बसवतो. व्यास दोन्ही टोकांना आणि मध्यावर किती, कडकपणा किती, ही तीन-चार मापे बिलाबरोबर लिहून मागितली पाहिजेत आणि बसवण्याआधी आपण स्वतः मोजली पाहिजेत. चांगले काम करणाऱ्या मढवणाऱ्याला याचा राग येणार नाही.

मुद्रणाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनाही एक विनंती. आज विद्यार्थी रंगमापन आणि फाइल तपासणी चांगली शिकून येतात. पण पट्टा वाचायला शिकलेला विद्यार्थी आम्हाला क्वचित भेटतो. मुद्दाम बिघडवलेल्या रोलरांच्या सेटिंगवर एक प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली, तर त्याचा फायदा पहिल्याच नोकरीत दिसेल.

वाचकांनी या महिन्यात आपल्या एका युनिटचे पट्टे काढावेत, प्रत्येक फॉर्म रोलरचा शोअर आणि रोलर शेवटचे कधी मढवले ती तारीख सोबत लिहावी आणि प्लेटचा फोटो आमच्याकडे पाठवावा. छापखान्याचे नाव न देता यातले बोधप्रद नमुने पुढच्या अंकात छापू. प्रत्येक पट्टा काय सांगतो, हे दोन अनुभवी मशीनमन त्यासोबत लिहितील.