माल बोलतो, पण दुकानाचं नाव कोण सांगणार?

हुबळीच्या दुर्गदबैलात आणि भोवतालच्या गल्ल्यांत पिढीजात दुकान चालवणाऱ्या मराठी व्यापाऱ्याजवळ पाटी, पिशवी, खोका यांचा विषय काढा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘आपला माल बोलतो. गिऱ्हाईक मालासाठी येतं, चित्रासाठी नाही.’ हे बोलणं प्रामाणिक असतं आणि त्यामागे आयुष्यभराची मेहनत असते. तरीही ते खोडून काढलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. या एका समजुतीपायी उत्तम माल विकणारे धंदे निनावी राहतात, आणि निनावी धंद्याचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायला फार वेळ लागत नाही.

समोरच्या पक्षाचा सर्वांत भक्कम दाखला आधी घेऊ. तो हुबळीपासून वीस किलोमीटरवरच आहे. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबानं धारवाडात पेढा रुजवला. लाइन बाजारातलं बाबूसिंग ठाकुरांचं दुकान आजही रांगेसाठी प्रसिद्ध आहे. ‘त्यांनी कुठं बोधचिन्ह काढलं होतं?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की, धारवाडी पेढा स्वतःच आपली ओळख अंगावर वागवतो. भाजून भाजून तपकिरी झालेला खवा आणि वर पिठीसाखरेचा पांढरा थर. सातारचा कंदी पेढा शेजारी ठेवला, तर लहान मूलसुद्धा फरक दाखवील. शिवाय ठाकुरांना नाव कमवायला पिढ्या मिळाल्या. गेल्या वर्षी दुकान उघडलेल्या माणसाकडे पिढ्या नाहीत, त्याच्याकडे फार तर दोन-तीन वर्षांचं भाडं देण्याची ऐपत आहे. आणि पेढ्याची कीर्ती वाढली तेव्हा काय झालं? ‘धारवाडी पेढा’ हे नाव जो तो वापरू लागला. शेवटी त्याची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद करावी लागली. नाव ही राखण्याजोगी मालमत्ता असते, हे कायद्यानंच मान्य केलेलं आहे. त्याच धारवाडात मिश्रांनी 1933 पासून पेढ्याचा धंदा उभा केला आणि आपलं नाव लांबून ओळखू येईल अशा पाट्यांवर आणि खोक्यांवर घालून गावोगावी नेलं. ठाकूर आणि मिश्रा यांच्यात कोणाचा पेढा सरस, हा वाद धारवाडकरांनी खुशाल घालावा. माझा मुद्दा एवढाच, की धारवाडबाहेरच्या माणसाला आधी नाव दिसतं, चव नंतर कळते.

दुसरा दाखला दुर्गदबैलातलाच देतात. संध्याकाळी लागणाऱ्या गिरमिट-मिरचीच्या गाड्यांवर पाटी नसते, तरी गर्दी हटत नाही, हे खरं आहे. पण त्या गाडीकडे नीट पाहा. चुरमुऱ्यांचा उंच ढीग, त्याच्या कडेनं ओळीनं मांडलेले टोमॅटो नि लिंबं, ताटात रचलेल्या मिरची भज्यांचा मनोरा, त्यावर नेमका पडणारा दिवा. कांदा, चिंचगुळाचं पाणी आणि पुठाण्याची पूड घालून गिरमिट कालवण्याची ती चपळाई चारचौघांना दिसावी म्हणून गाडीवाला भांडं पुढं ठेवतो. रंग, मांडणी, उजेड आणि रोज तीच जागा. याला दृश्य ओळख म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? ज्याला हे लोक ‘काही न करता चाललेला धंदा’ म्हणतात, तो खरं तर डोळ्यांसाठी अतिशय विचारपूर्वक मांडलेला धंदा आहे. त्यानं कागदावर आराखडा काढला नाही, इतकंच.

‘हे सगळं मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे’, हा आणखी एक आक्षेप. इतिहास याच्या नेमका उलट आहे. चिन्हाची गरज आधी पडली ती बाजारात, अक्षर न वाचणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. मँचेस्टरचं कापड हिंदुस्थानात विकायला आलं, तेव्हा ताग्यांवर रंगीत छापील तिकिटं चिकटवलेली असत. त्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ. गिऱ्हाईक वाघाचं कापड मागे आणि व्यापारी तेच देई. हुबळी ही कापसाची आणि कापडाची पेठ. दुर्गदबैलाजवळच्या जवळी सालातल्या व्यापाऱ्यांना हे नव्यानं शिकवायची गरज नाही. आपल्याकडे ‘अमुक छाप’ म्हणून माल मागायची जी सवय आहे, ती याच वाटेनं आलेली आहे.

मराठी माणसांनी तर हे तंत्र लहानपणीच, म्हणजे धंदा लहान असतानाच, हाती धरलं होतं. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड आणि टिकिया विकायला सुरुवात केली ती ‘घोडा छाप’ म्हणून. पुढं उंट आला, आणि त्या उंटावरून कॅम्लिन हे नाव शाळाशाळांत पोचलं. वर्गातल्या मुलाला कंपनीचं नाव वाचायची गरज नव्हती, उंट दिसला की पुरे. किर्लोस्करांची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची, कारण लक्ष्मणराव जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले आणि काही रंग ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना ती सोडावी लागली. तरी रेषेची जाण सुटली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकवू लागले, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, लोखंडी नांगर केला. नांगर विकायला मात्र फार जड गेलं. लोखंडानं जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. इथं ‘माल बोलतो’ म्हणणाऱ्यांनी क्षणभर थांबावं. माल उत्तम होता आणि बोलत नव्हता. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढं चित्रकलेचं शिक्षण घेतलेले त्यांचे पुतणे शंकरराव तिथं आले, आणि 1920 मध्ये कारखान्याचं ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघालं. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत नेणाऱ्या त्या पत्रातून पुढं मराठीतलं एक थोर मासिक घडलं. माळरानावरच्या कारखान्यानं चित्रकाराला घरात घेतलं, तेव्हा तो कारखाना काही मोठा नव्हता.

एवढं मंडन केल्यावर आता माझ्याच पक्षातल्या काही जणांचं खंडन करणं भाग आहे, कारण दृश्य ओळखीच्या नावाखाली बाजारात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं निरुपयोगी आहे. फ्लेक्सवर मालकाचा फोटो, देवाचा फोटो, पाच रंग, सहा फोन नंबर आणि उरलेल्या जागेत दुकानाचं नाव. कर्नाटकानं 2016 च्या प्लास्टिकबंदीत फ्लेक्सही घेतला, तरी ही मांडणी डोक्यातून गेलेली नाही. दुसऱ्या टोकाला मोबाइलवरच्या तयार साच्यातून काढलेलं बोधचिन्ह, म्हणजे एक पान, एक गोल आणि बारीक रोमन अक्षरं. तेच पान केकवाल्याकडे, तेच दवाखान्यावर, तेच भाड्याच्या कपड्यांच्या दुकानावर. ओळख पटवण्यासाठी केलेली वस्तू शेजाऱ्यासारखीच दिसत असेल, तर पैसे वाया गेले.

दुर्गदबैलात काय लागतं, हे दुर्गदबैलात उभं राहूनच ठरवावं लागतं. इथलं गिऱ्हाईक कन्नड वाचतं, मराठी वाचतं, उर्दू वाचतं, कुणी काहीच वाचत नाही. गल्ल्या अरुंद, माथ्यावर तारा नि ताडपत्र्या, सणासुदीला खांद्याला खांदा लागतो. इंचभर उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येतं, हा पाटी रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. गल्लीच्या तोंडापासून दुकान साठ फूट आत असेल, तर सहा इंचांचं अक्षर हवं. मग त्या पाटीवर ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे’ने सुरू होणारी यादी मावणारच नाही, आणि ती नसलेलीच बरी.

इथं भाषेचा प्रश्न येतो, आणि तो मी टाळणार नाही. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा 60 टक्के भाग कन्नड असणं आणि कन्नड वर असणं बंधनकारक आहे. काही मराठी दुकानदारांना यात आपलं नाव पुसलं गेल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. कन्नड ही या बाजाराची पहिली भाषा आहे, ती वर असावी. महाराष्ट्रातही पाट्या मराठीत हव्यात असा कायदा आपणच आग्रहानं केला आहे. मग खरा प्रश्न उरतो तो कारागिरीचा. कन्नडाची गोलाई आणि देवनागरीची शिरोरेषा एका पाटीवर सख्ख्या भावंडांसारखी कशी दिसावी? या कामात मराठी अक्षरकारांची मोठी पुण्याई आहे. र. कृ. जोशींनी संगणकासाठी देवनागरीचा ‘मंगल’ टंक घडवला. मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘बालू’ या एकाच घराण्यातली देवनागरी आणि कन्नड अक्षरं केली, तीही खुल्या परवान्यानं, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येतील अशी. वर कन्नड, खाली देवनागरी, दोन्हींची जाडी नि वळण एकाच हाताचं, आणि शेजारी एक ठळक चिन्ह. कायदाही पाळला जातो आणि आपली ओळखही राहते. जाहिरातीतली कमल शेडग्यांची अक्षरं पाहून वर्तमानपत्राचं पान उलटतानाच नाटक ओळखणारे आपण, अक्षराची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको.

आता खर्चाचा आक्षेप. पाटी, पिशवी, बिलबुक आणि खोका हा खर्च दुकानदार एरवीही करतोच. माझा मुद्दा खर्च वाढवण्याचा नाही, तो एका दिशेनं करण्याचा आहे. एकच रंग, एकच चिन्ह, नावाचं एकच लेखन. एका रंगात छापलेली पिशवी चार रंगांच्या पिशवीपेक्षा स्वस्त पडते आणि शंभर पावलांवरून जास्त उठून दिसते. घरगुती मसाला किंवा चटणी पाकिटातून विकणाऱ्याला निव्वळ वजन, किंमत, पत्ता, अन्न परवान्याचा क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका छापावाच लागतो. हे सगळं शेवटी कसंबसं कोंबण्याऐवजी आधी जागा आखून छापलं, तर पाकीट विश्वासाचं वाटतं.

सावजी मसाल्यांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. हुबळीत सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या आणि नागपुरात हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून आलेलं हे नाव दोन्हीकडे खाणावळींवर झळकतं. ते सगळ्यांचं आहे, म्हणूनच ते एकट्याला राखता येत नाही. धंद्यातल्या सर्वसामान्य शब्दावर ट्रेडमार्क मिळणं अवघड. स्वतःचं वेगळं नाव आणि वेगळं चिन्ह असेल, तर मात्र एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे 4,500 रुपये सरकारी शुल्क पडतं, आणि नोंद दहा वर्षं टिकते, पुढं वाढवताही येते. दिवाळीत एका कमानीला याहून जास्त जातात.

भिकार माल चांगल्या खोक्यात घालून विकावा, असं मी म्हणत नाही. तसं करणाऱ्याचं गिऱ्हाईक एकदाच फसतं आणि त्या खोक्यामुळेच त्याला दुसऱ्यांदा बरोबर ओळखून टाळतं. चिन्ह दोन्ही बाजूंनी काम करतं. म्हणून तर ज्याचा माल खरोखर चांगला आहे, त्यानं चिन्हाला भिऊ नये. त्याच्याइतका फायदा दुसऱ्या कुणालाही होणार नाही.

दुर्गदबैलातल्या मराठी दुकानदारांना माझी एकच विनंती आहे. येत्या गणपतीची पिशवी छापायला टाकण्याआधी आपली पाटी, बिलबुक आणि पिशवी शेजारीशेजारी ठेवा. तिन्हींवर नाव एकाच तऱ्हेनं लिहिलेलं नसेल, तर छापखान्यात जाण्याआधी गावातल्या एखाद्या चांगल्या पाटी रंगवणाऱ्याला किंवा कलाशाळेत शिकणाऱ्या मुलाला बोलवा, त्याला त्याच्या कामाचे रास्त पैसे द्या आणि तुमचं नाव एकदा नीट लिहून घ्या.